पोर्ट वाइनची पारख



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. तेव्हाच्या मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. आजच्या महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. अशा राज्यात पोर्ट वाइनच्या बाटल्या वाटून घेऊन चाखणाऱ्या हौशी मंडळींविषयी बोलायचे, आणि तेही शिक्षकांपुढे, म्हणजे जरा धाडसच. म्हणून आधीच सांगून टाकतो की कुणी प्यावे असे सुचवण्यासाठी हे भाषण नाही. जो पीत नाही त्याने सुरुवात करावी असे यात काहीही नाही.

मग विषय काय? बाटलीवर जे नाव लिहिले आहे तेच आत आहे, हे ओळखायचे कसे, हा आपला प्रश्न आहे. मधाची बाटली, शेंगदाणा तेलाचा डबा, बियाण्याची पिशवी, या सगळ्यांनाच तो लागू पडतो. पोर्ट वाइनच्या बाबतीत लोकांनी या प्रश्नाचा अडीचशे वर्षांहून अधिक काळ विचार केलेला आहे. त्यासाठी भांडणे झाली, कायदे झाले, दंगासुद्धा झाला. म्हणून उदाहरणादाखल आपण पोर्ट घेऊ.

नावाचा घोळ आपल्या दारातूनच सुरू होतो. भांडुप, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही उपनगरात जा. ‘वाइन शॉप’ अशी पाटी दिसेल. आत मात्र व्हिस्की, रम, बिअर, सारे काही मिळते. आपल्या बोलण्यात वाइन म्हणजे सरसकट दारू झाली आहे. वस्तुतः वाइन म्हणजे द्राक्षाचा रस आंबवून केलेले पेय. ते भट्टीवर चढवून उतरवले की त्याची वाइन राहत नाही, ब्रँडी होते. आणि या दोहोंच्या मधोमध, एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून उभी असते ती पोर्ट.

हे कसे ते नीट समजून घेऊ. द्राक्षाच्या रसात साखर असते. किण्व नावाचे सूक्ष्म जीव ती साखर खातात आणि तिचा मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू करतात. सकाळी उतरवलेली नीरा उन्हं वर आल्यावर ताडी होऊ लागते, ती याच मंडळींची करामत. साध्या वाइनमध्ये किण्वाला साखर संपेपर्यंत खाऊ देतात, म्हणून ती गोड लागत नाही. पोर्ट करताना मात्र दोन-तीन दिवसांतच, साखर निम्मी उरली असताना, त्या रसात द्राक्षाचाच कडक अर्क ओततात. या अर्कात ७७ टक्के मद्यार्क असतो. इतक्या मद्यार्कात किण्व तग धरू शकत नाही. आंबणे जागच्या जागी थांबते, आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही असते आणि कडकही. साध्या वाइनमध्ये बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो, तर बहुतेक पोर्टमध्ये १९ ते २२ टक्के.

जुना हिशेब असा सांगतात: ४३५ लिटर आंबता रस आणि ११५ लिटर अर्क, मिळून ५५० लिटर. एवढे मावणाऱ्या लाकडी पात्राला पोर्तुगीज भाषेत ‘पिपा’ म्हणतात. आता हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटेल. आपल्याकडे पाणी साठवायचे ‘पिंप’ हे त्याच शब्दाचे मराठी रूप. भांडुप ज्या साष्टी बेटावर वसले आहे ते मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतले. राज्य गेले, पण पिंप आपल्या मोरीत राहिले, पाव ताटात राहिला आणि चावी कमरेला राहिली.

पोर्तुगालच्या उत्तरेला दोरो नावाची नदी आहे. तिच्या दोन्ही तीरांवर पाटीसारख्या दगडाचे उभे डोंगर, त्यांवर पायऱ्या-पायऱ्यांची शेते, उन्हाळ्यात अंगाची लाही करणारी उष्णता. आपल्या घाटावरच्या वरकस जमिनी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. त्या खडकात मुळे घालून वाढलेल्या वेलींची द्राक्षे दगडी हौदात पायांनी तुडवीत. काही ठिकाणी अजूनही तुडवतात. तयार झालेली वाइन पिंपांतून, सपाट तळाच्या होड्यांवर लादून, नदीच्या मुखाशी असलेल्या पोर्तो शहरासमोरच्या गोदामांत आणली जाई. ‘पोर्तो’ म्हणजे बंदर. बंदराचे नाव शहराला पडले आणि शहराचे नाव वाइनला पडले.

पोर्टचे मुख्य प्रकार दोन. पहिला रुबी. ही मोठ्या पात्रात थोडी वर्षे ठेवून बाटलीत भरतात. रंग लालबुंद, वास ताज्या फळांचा. दुसरा टॉनी. ही लहान लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरते, लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून तिला हवा लागत राहते, आणि लाल रंग उतरून जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा तपकिरी होतो. तिच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० वर्षे असे आकडे असतात. यांखेरीज ‘व्हिंटेज’ नावाचा एक मानाचा प्रकार आहे. एखाद्या वर्षी पीक फार उत्तम आले, तर त्या एकाच वर्षाची वाइन दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात, आणि मग ती बाटलीतच वीस, तीस, कधी पन्नास वर्षेही मुरते.

आता इतिहासाकडे वळू, कारण नावाच्या भांडणाचे मूळ तिथे आहे. इंग्रज आणि फ्रेंच यांचे वैर होते. १७०३ साली इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात मेथ्युएनचा तह झाला. पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एकतृतीयांश कमी जकात बसेल असे त्यात ठरले. इंग्लंडात पोर्टला गिऱ्हाईक वाढले. आणि गिऱ्हाईक वाढले की काय होते, हे दुधाचा धंदा पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. माल कमी पडू लागला. मग दुसरीकडची वाइन आणून मिसळा, फिकी पडली तर एल्डर नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस घालून रंग चढवा, गोडी कमी तर साखर घाला, असे प्रकार सुरू झाले. शेवटी गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला, भाव कोसळले आणि प्रामाणिक शेतकरीही त्यांत सापडला.

तेव्हा पोर्तुगालचा कारभार पुढे मार्क्विस ऑफ पोम्बाल या नावाने प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या हाती होता. त्याने १७५६ साली एक कंपनी स्थापून दोरो खोऱ्याची हद्द आखून दिली. हद्दीवर ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवले. या खांबांच्या आतली तीच पोर्ट, बाहेरची नव्हे. पुढे रंगासाठी वापरली जाणारी एल्डरची झुडपे उपटून टाकण्याचेही हुकूम निघाले. हे सारे गोडीगुलाबीने झाले असे नाही. कंपनीच्या मक्तेदारीमुळे गुत्तेवाल्यांचे आणि गरिबांचे हाल झाले, १७५७ साली पोर्तो शहरात दंगा उसळला, आणि पोम्बालने तो फाशी देऊन मोडून काढला. नियम कशासाठी केला हे पाहावे तसा तो कुणाच्या पाठीवर पडला हेही पाहावे. पण ते खांब टिकले. एखाद्या पिकाचे नाव, त्याचा मुलूख आणि त्याची कृती यांची सरकारने गाठ मारून दिल्याचे हे जगातल्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक. आजही खऱ्या पोर्टच्या बाटलीच्या तोंडाजवळ तिथल्या नियामक संस्थेची क्रमांक घातलेली पट्टी असते.

खांब झाले, पट्टी झाली. मग हौशी मंडळी जमून काय करतात? ती जिभेची साक्ष काढतात.

आधी व्यवहाराची बाजू बघा. पोर्टची बाटली ७५० मिलिलिटरची. व्हिंटेज पोर्ट एकदा उघडली की एक-दोन दिवसांत तिचा बहर ओसरतो. एकट्याने ती संपवणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे. शिवाय एका बाटलीवरून काहीच कळत नाही. चव ही तुलनेत कळते. हापूस आणि पायरी शेजारी शेजारी चाखल्याशिवाय फरक सांगता येतो का? कोल्हापूरच्या गुळाच्या सौद्यात व्यापारी एका रव्यावर थांबत नाही. रंग पाहतो, फोडून कण पाहतो, चिमूट जिभेवर ठेवतो, आणि पुढच्या रव्याकडे जातो. तसेच हे. म्हणून ही मंडळी भिशीसारखी वर्गणी काढतात, किंवा प्रत्येकाने एक बाटली आणायची असे ठरवतात.

समजा, भांडुपला एका घरी दहा जण जमले आणि पाच बाटल्या आल्या. प्रत्येकाला प्रत्येक बाटलीतली ३० मिलिलिटर दिली तरी एका बाटलीतून ३०० मिलिलिटरच जाते; निम्म्याहून अधिक शिल्लक राहते. सर्वांनी रीतसर परवाना काढलेला असावा, कारण महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला कायद्याने परवाना लागतो, वयाचीही अट आहे.

जुनी बाटली असेल तर तिच्या तळाशी गाळ बसलेला असतो. ती आदल्या दिवशीच उभी करून ठेवतात. तूप कढवल्यावर बेरी तळाशी ठेवून वरचे तूप आपण हलक्या हाताने काढून घेतो ना, तसेच ही वाइन दुसऱ्या भांड्यात ओतून घेतात आणि शेवटची दोन बोटे गाळासकट बाटलीत सोडून देतात. मग जो स्वतः चाखणार नाही अशा एकाने सगळ्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर क्रमांक घालायचे. कुठल्या क्रमांकाची कुठली बाटली, हे फक्त त्याला ठाऊक.

इंग्रजांच्या मेजवान्यांत पोर्टची बाटली नेहमी डाव्या हाताच्या माणसाकडे सरकवीत जाण्याची रीत होती, आणि ती कुणापाशी अडून राहणे हे असभ्य समजत. आपल्याकडे पानाचा डबा पंगतीनंतर फिरतो, त्यातलाच प्रकार. पारखीच्या बैठकीत मात्र बाटली फिरवीत नाहीत. मापाने ओततात, म्हणजे कुणाला जास्त, कुणाला कमी होत नाही.

मग पाहणी. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहायचा. नंतर वास. आपल्या माणसाने इंग्रजी पुस्तकातली फळांची नावे घोकण्याचे कारण नाही. आपल्या नाकाला जे ठाऊक आहे ते म्हणावे. रुबीत कुणाला जांभूळ आठवते, कुणाला पिकले करवंद. टॉनीत खारीक, अक्रोड, मनुका, काकवीचा जळकट गोडवा. मग एक घोट तोंडात घेऊन फिरवायचा. गोडी किती, आंबटपणा किती, अर्धकच्च्या जांभळासारखा तुरटपणा आहे का, घशाशी मद्यार्काचा चटका बसतो का, आणि घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते, या पाच गोष्टी पाहायच्या. आणि मग तो घोट पिकदाणीत टाकून द्यायचा.

हे थुंकणे ऐकून कुणी हसेल. पण हिशेब करा. पाच बाटल्यांतली साठ-साठ मिलिलिटर पोर्ट कुणी गिळली, तर ३०० मिलिलिटर झाली. वीस टक्क्यांच्या हिशेबाने त्यात ६० मिलिलिटर निव्वळ मद्यार्क जातो, म्हणजे व्हिस्कीचे सव्वादोन मोठे पेग. पोर्ट गोड असते, म्हणून ती चढते आहे हे उशिरा कळते. ‘वाइन म्हणजे औषधच’ असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक ठरवले आहे, आणि मद्याचे अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. बाटली गोवा, नाशिक, पोर्तो, कुठलीही असो, यात फरक पडत नाही. पारख करणारा थुंकतो याचे आणखी एक कारण आहे: चढलेल्या डोक्याने साक्ष देता येत नाही.

या बैठकीचा एक नियम मला शिक्षक म्हणून फार आवडतो. प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर लिहायचे, आणि सगळ्यांचे लिहून झाल्यावरच तोंड उघडायचे. का? कारण पहिला मोठ्या आवाजाचा माणूस ‘वा, काय जुनी चीज आहे!’ म्हणाला की बाकीच्यांच्या जिभा त्याच्या मागोमाग जातात. वर्गातही हेच होते. हुशार समजल्या गेलेल्या मुलाने उत्तर दिले की चाळीस माना हलतात.

झाकलेल्या बाटल्यांची ही खबरदारी उगाच नाही. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे त्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ठेवला. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला शोभणाऱ्या शब्दांत केले. म्हणजे नाकाने जे सांगायचे ते डोळ्याने आधीच ठरवून टाकले होते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ साली दुसरी गंमत दाखवून दिली. एकच वाइन लोकांना दोनदा दिली; एकदा किंमत १० डॉलर सांगितली, एकदा ९० डॉलर. महाग सांगितलेली वाइन लोकांना अधिक आवडली. ते खोटे बोलत होते असे नाही. सुख जाणवणारा मेंदूचा भागही तेव्हा अधिक जागा झालेला यंत्रात दिसला. किंमत जिभेवर येऊन बसते, ती अशी. बाटली गुंडाळली की नाव, किंमत आणि मान हे तिन्ही पाहुणे दाराबाहेर राहतात.

आता आपल्याकडच्या ‘पोर्ट’कडे येऊ. मुंबईच्या दुकानांत ‘पोर्ट’ नावाची गोड, लाल, बेताच्या किमतीची वाइन मिळते. गोव्याहून येणारे पाहुणेही ती हौसेने आणतात. गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते, त्यामुळे अनेकांची समजूत अशी की गोव्याची पोर्ट म्हणजे खरी पोर्तुगीज पोर्ट. गोव्याच्या दमट हवेत वाइनची द्राक्षे होत नाहीत. ती शेजारच्या राज्यांतून आणावी लागतात. आणि या बाटल्यांवरचे आकडे वाचले, तर पुष्कळांवर मद्यार्काचे प्रमाण दोरोच्या पोर्टपेक्षा बरेच कमी आढळते. मुलूख वेगळा, द्राक्ष वेगळे, कृती वेगळी. राहिले काय, तर नाव.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. ही गोड वाइन वाईट आहे असे मी म्हणत नाही. कित्येक ख्रिस्ती घरांत नाताळच्या केकबरोबर तिचा छोटा पेला फिरतो, आणि त्या घरांना तीच चव आपली वाटते. तिची पारख तिच्या गुणांवर व्हावी. पण दोरोतला शेतकरी ज्या नावासाठी उभ्या डोंगरावर राबतो, ते नाव दुसऱ्या वस्तूला लावले की दोघांचेही नुकसान होते. त्याचे नाव स्वस्त होते, आणि आपल्या वस्तूला स्वतःचे नाव कधी मिळतच नाही.

स्वतःचे नाव मिळाले की काय होते, याचेही उदाहरण गोव्यातच आहे. काजूच्या बोंडांच्या रसापासून भट्टीवर काढलेली फेणी ही गोव्याची अस्सल वस्तू. भौगोलिक निर्देशनाचा आपला कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. त्याखाली २००९ साली गोव्याच्या काजू फेणीची नोंदणी झाली. आता दुसऱ्या राज्यात काढलेल्या दारूला हे नाव लावता येत नाही. आपल्या नाशिक खोऱ्यातल्या वाइनच्या नावाचीही अशीच नोंदणी झालेली आहे, आणि पोर्तुगालने ‘पोर्तो’ व ‘दोरो’ ही आपली नावे भारताच्या याच नोंदवहीत नोंदवली आहेत.

नाशिक, सांगली, सोलापूर, जुन्नरकडच्या द्राक्ष बागायतदारांनी या गोष्टीकडे जरा लक्ष द्यावे. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचे धोरण जाहीर केले आणि त्यानंतर वाइनचे कारखाने वाढले. वाइनचे द्राक्ष हे खाण्याच्या द्राक्षासारखे टपोरे लागत नाही. मणी लहान, साल जाड, वेलीवर माल बेताचा, आणि तोडणीच्या वेळी साखर व आंबटपणा यांचा मेळ बसलेला, असे ते लागते. बागेत साखर मोजायचे छोटे यंत्र आता पुष्कळांच्या खिशात असते. पण नावाची पत त्या यंत्रात मोजता येत नाही. एका हंगामात कुणी दुसरीकडचा माल मिसळला, की सगळ्या खोऱ्याचे नाव खाली येते. दोरोच्या शेतकऱ्याने हे अठराव्या शतकात भोगले आहे. आपल्याला ते पुन्हा भोगून पाहायची गरज नाही.

इथवर जिभेची थोरवी गायली. आता तिची मर्यादा सांगतो, आणि आजच्या भाषणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

भांडुपचा आणि दारूचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे गाव ‘बॉम्बे कुरिअर’ या पत्राचे संपादक ल्यूक ॲशबर्नर यांच्याकडे होते. इथे रम गाळण्याचा मोठा कारखाना होता, आणि त्याची रम सरकारला पुरवली जाई. पुढे तो सारा कारभार कावसजी माणेकजी या त्यांच्या पारशी व्यवस्थापकाकडे गेला. तो काळ गेला. पण याच भांडुपपासून दुसऱ्या स्टेशनावर, विक्रोळीला, डिसेंबर २००४ मध्ये विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक गेली. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले होते. त्यांच्या पिशवीवर ना नाव होते, ना शिक्का.

अशा दारूत मिथेनॉल असते. हा रंग पातळ करायला, कारखान्यांत विरघळवायला वापरायचा अर्क. तो साध्या मद्यार्कासारखाच दिसतो, जवळजवळ तसाच वास देतो, आणि तसाच लागतो. मोठ्यातल्या मोठ्या पारख्याची जीभही तो ओळखू शकणार नाही. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते. त्याचा पहिला घाव डोळ्यांच्या नसांवर पडतो. कित्येक तास काही जाणवत नाही. मग पोटात दुखते, उलट्या होतात, डोळ्यांपुढे धुके येते, श्वास जड होतो. माणूस आंधळा होतो किंवा मरतो. गावात असे कुणी दिसले, तर लिंबू-पाणी, ताक, झोप यांत एक क्षणही घालवू नका. तडक मोठ्या इस्पितळात न्या, आणि त्याने काय प्यायले ते डॉक्टरांना न लाजता सांगा. सोबत प्यालेले इतर लोक ठीक दिसत असले तरी त्यांनाही न्या. वेळेवर उपचार मिळाले तर माणूस वाचू शकतो.

म्हणजे दोन वेगळ्या साक्षी झाल्या. ही वस्तू चांगली की सामान्य, जुनी की नवी, हे जीभ सांगू शकते. ही वस्तू विषारी नाही, हे जीभ सांगू शकत नाही; तिथे प्रयोगशाळा, शिक्का आणि जागरूक अंमलदारच लागतात. हौशी मंडळींना बाटल्या गुंडाळून खेळ करता येतो, कारण त्या बाटल्यांमागे कुणीतरी आधीच जबाबदारी घेतलेली असते. विक्रोळीच्या मजुरामागे तशी कुणी घेतली नव्हती.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी शेवटचे. ही पारख मद्याला हात न लावता वर्गात शिकवता येते. दोन प्रकारचा गूळ घ्या. सारख्या वजनाचा गूळ सारख्या पाण्यात विरघळवून दोन भांडी भरा. प्रत्येक मुलाला स्टीलच्या तीन वाट्या द्या. दोहोंत एक गूळ, तिसरीत दुसरा. रंग दिसू नये म्हणून डोळे मिटायला सांगा, आणि वाट्यांचा क्रम प्रत्येकासाठी बदला. वेगळी वाटी कोणती, एवढेच त्याने चिठ्ठीवर लिहायचे. शेजाऱ्याशी बोलायचे नाही.

नुसत्या अंदाजाने सांगितले तरी तिघांतल्या एकाचे उत्तर बरोबर येणारच. तेव्हा तीस मुलांच्या वर्गात दहा बरोबर आली, तर कुणाला फरक कळला असे म्हणता येत नाही. पंधरा किंवा अधिक बरोबर आली, तर मात्र फरक खरोखर जिभेला लागतो असे मानायला आधार आहे. मोठमोठ्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत हीच त्रिकोणी चाचणी वापरतात. यात विज्ञान आले, गणितातली संभाव्यता आली, आणि ‘सगळे म्हणतात म्हणून’ उत्तर न देण्याची सवय आली.

मग त्याच मुलांना फळ्यावर दोन भाव लिहून दाखवा, एक स्वस्त, एक महाग, आणि प्रत्यक्षात एकाच भांड्यातला गूळ दोनदा द्या. कोणता जास्त आवडला ते विचारा. उत्तरे मोजून झाल्यावर खरा प्रकार सांगून टाका. मुले आधी रागावतील, मग हसतील, आणि घरी जाऊन तेलाच्या डब्यावरचे बारीक अक्षर वाचू लागतील. त्या अक्षरांत कुणी बनवले, कुठे बनवले, काय काय घातले आणि कधीपर्यंत चांगले, हे लिहिलेले असते. ते वाचायला शिकवा, आणि जिथे ते लिहिलेले नाही तिथली वस्तू परत करायला शिकवा.